आजी, एक शिवी द्या ना

चैत्र सरत आला की जळगावातल्या आमच्या पिंप्राळ्याच्या गच्च्यांवर सकाळी सकाळी एक वास तरंगायला लागतो. भिजवून आंबवलेल्या ज्वारीचा, ती शिजताना तिच्यात पडलेल्या लसूण-मिरचीचा आणि तिळाचा. बिबडे करायचे दिवस आलेले असतात. ऊन डोक्यावर यायच्या आत बायका जुनं धोतर नाहीतर विरलेली सुती साडी ओली करून गच्चीवर पसरतात आणि पातेल्यातला गरम गरम घाटा मूठमूठ घेऊन त्या कापडावर थापत जातात. बोटं पोळतात, पाण्यात बुडवतात, पुन्हा थापतात. दुपारपर्यंत ते पांढरे गोल असे कडकडीत वाळतात की वाऱ्याच्या झुळकेसरशी कापडाच्या कडा खडखड वाजायला लागतात. मग कापड उलटं करायचं, मागून पाण्याचा हबका मारायचा आणि एकेक बिबडा अलगद सोडवायचा. आमच्याकडच्या उन्हाला सगळे शिव्या देतात, पण वर्षभराचा डबा तेच ऊन भरून देतं.

याच दिवसांत चौकाचौकांत फलक लागायला सुरुवात होते. महाराष्ट्र दिन जवळ आलेला असतो. अस्मिता, वैभव, परंपरा, गौरव, असे जाड अक्षरांतले शब्द. त्यांच्याखाली हात जोडलेले भाऊ, आबा, नाना आणि दादा. बाजूला नथ घातलेली, काष्ट्याच्या नऊवारीतली, तुतारीच्या सुरावर डोळे मिटलेली एक गोरी बाई. ती बाई आमच्या जिल्ह्यातली नाही. ती कुठल्याच जिल्ह्यातली नसावी. पण गेल्या उन्हाळ्यापासून तिचा चेहरा दिसला की मी मान फिरवते. पूर्वी नुसता कंटाळा यायचा. आता शिसारी येते. ती कशी आली ते सांगायचं आहे.

आमच्या शेजारच्या घरात सुमनअक्का राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, ठेंगण्या, रंगानं सावळ्या, डोक्यावरचा पदर कधी खाली येऊ न देणाऱ्या. यजमान एसटीत चालक होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्यात नोकरीला. माहेर चोपड्याजवळच्या एका खेड्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. माझं माहेर धुळ्याकडचं, शिंदखेडा तालुक्यातलं. मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. म्हणजे दिवसभर प्रमाण मराठीचा गणवेश घालून उभी असते. घरी नवरा आणि मुलगीही तसंच बोलतात. अहिराणी माझ्या घरात कपाटाच्या मागच्या कप्प्यात ठेवलेल्या लुगड्यासारखी होती. आई होती तोवर फोनवर ते लुगडं रोज नेसायला मिळायचं. आई गेली आणि आमच्या गल्लीत माझ्याशी अहिराणी बोलणारं एकच माणूस उरलं, सुमनअक्का.

बिबड्यांच्या दिवसांत मी गच्चीच्या कठड्यावरून वाकून पाहिलं की त्यांची हाक यायची.

"उनी का वं ज्योती? ये, पहिले घाटा खाई ले. वाटी आन, तेल मी टाकस."

गरम घाट्यात मधोमध खळगा करायचा, त्यात शेंगदाण्याचं कच्चं तेल ओतायचं आणि दोन बोटांनी खायचं. खाताना आमची भांडणं चालायची. त्यांची अहिराणी चोपड्याची, माझी शिंदखेड्याची. दोहोंत फरक आहे. एखादा शब्द मी वेगळा बोलले की त्या थापता थापता हात थांबवायच्या. "तुमनं तिकडनं बोलनं वायलंच शे बाई!" म्हणजे तुमच्याकडचं बोलणं निराळंच. मग माझा शब्द दोनतीनदा तोंडात घोळवून पाहायच्या, आंब्याची फोड चाखावी तसा. आम्ही दोघी जळगावला जयगाव म्हणायचो आणि धुळ्याला धुये. आमच्या बोलीत 'ळ' टिकतच नाही, त्याचा 'य' होतो. डोळ्याचा डोया, केळीची केयी.

अक्का थापताना गायच्याही. त्यांच्या आईनं रचलेलं एक गाणं होतं, सासरी निघालेल्या लेकीचं. 'मन्हा माहेरनी वाट जास केयीना बागमझार' अशी त्याची सुरुवात. माझ्या माहेरची वाट केळीच्या बागेमधून जाते. लेक निघते, केळीची पानं तिच्या अंगाला घासत राहतात आणि आई बांधावर उभी असते. एवढंच गाणं. पण अक्का ते इतक्या सावकाश म्हणायच्या की बाग संपूच नये असं वाटायचं.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी विलासभाऊ जिना चढून अक्कांच्या गच्चीवर आले, तेव्हा मीही तिथेच होते. विलासभाऊ आमच्याच कॉलनीतले, हार्डवेअरचे दुकानदार, कुठल्याही समितीत असतातच. खांद्यावर बागायतदार घेतात तसा पांढरा रुमाल, कपाळावर घाम. त्यांच्यामागून मुंबईहून आलेला एक तरुण दिग्दर्शक आणि कॅमेरेवाला. महाराष्ट्र दिनाला शहरातल्या मोठ्या मैदानावर कार्यक्रम होणार होता. राज्याच्या प्रत्येक विभागाचं दर्शन. खान्देशाच्या वाट्याला एक तुकडा होता आणि त्यासाठी त्यांना 'अस्सल' बाई हवी होती. दिग्दर्शकाचं नाव आदित्य. वागायला अदबशीर, अंगात काळा टीशर्ट आणि त्यावर छातीभर पांढरा 'ळ'. मराठीचा अभिमान म्हणून हल्ली असे टीशर्ट घालतात.

त्यानं अक्कांना वाकून नमस्कार केला. अक्कांनी आधी त्याच्या हातात घाट्याची वाटी दिली, मग काय काम ते विचारलं. त्याला घाटा आवडला, खरंच आवडला. त्यानं गाणं ऐकलं, डोळे मिटून ऐकलं. "कमाल! हेच पाहिजे स्टेजवर," तो म्हणाला. मला त्या क्षणी तो पोरगा आवडला होता, हे सांगायला हवं. वाईट माणसं वाईट करतात याचं फारसं काही वाटत नाही.

अक्का आधी नाहीच म्हणाल्या. मग विलासभाऊ म्हणाले, "अक्का, आपलं खान्देश कुठं दिसतंच नाही हो. आता दिसायची वेळ आलीय तर तुम्ही नाही म्हणता!" हे मात्र अक्कांना लागलं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी काय नाची दावनार नही बरं, पहिलेच सांगी ठेवस. मन्हं गानं म्हनीसनी मी उतरी जासू." मी नाचून दाखवणार नाही, माझं गाणं म्हणेन आणि उतरेन.

"नाही नाही, नाच कशाला," आदित्य म्हणाला. "फक्त साडी आम्ही देऊ. नऊवारी. आणि नथ."

मी मधे पडले. "अक्का गोल साडी नेसतात. त्यांच्या आईच्या पिढीतल्या बायका लुगडं नेसायच्या, पण ते सुती, साधं. हे चमकणारं शिवलेलं नऊवारी आमच्याकडे कोणी नेसत नाही."

"मॅडम, बरोबर आहे तुमचं," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "पण लांबून बघणाऱ्याला महाराष्ट्र कळला पाहिजे ना!"

महाराष्ट्र कळला पाहिजे. आणि अक्का जशा होत्या तशा उभ्या राहिल्या असत्या तर तो कळला नसता!

पुण्यात शिकायला होते तेव्हा वसतिगृहातल्या मुली मला विचारायच्या, "जळगाव म्हणजे विदर्भात ना?" मी नाही म्हटलं की "मग मराठवाड्यात?" दोन्हीकडे नाही म्हटल्यावर त्यांची उत्सुकता संपायची. मी "येऊन राहिले" म्हटलं की हशा व्हायचा. तो दुष्ट नव्हता. लहान मूल पहिल्यांदा चालताना पडतं तेव्हा हसतात तसा होता. त्या हशानं मी माझं बोलणं घासून घासून इतकं साफ केलं की पुढे तेच शिकवायची नोकरी मिळाली. राज्याच्या बातम्यांत आमचा नंबर लागायचा तो मे महिन्यात. नकाशावर जळगाव लाल व्हायचं, त्यावर घाम पुसणारा सूर्य यायचा आणि निवेदिका हसून म्हणायची, काळजी घ्या. पाऊस पडला की आम्ही पुन्हा नकाशातून गायब.

म्हणून विलासभाऊंचं ते वाक्य माझ्याही आत कुठेतरी लागलं होतं. आपण दिसत नाही. या एका दुखऱ्या जागेवर बोट ठेवून आमच्याकडून काहीही करून घेता येतं.

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन उतरलं तरी मैदान तव्यासारखं तापलेलं होतं. प्रमुख पाहुणे यायचे होते आणि ते येत नव्हते. शाळांच्या मुली दुपारपासून रंगरंगोटी करून मंडपामागे बसवलेल्या, त्यांच्या चेहऱ्यावरची पावडर घामानं ओघळून गळ्यापर्यंत आलेली. मला प्रेक्षकांत पुढची जागा मिळाली होती. शेजारी आमच्या महाविद्यालयातले जीवशास्त्राचे सुनील सर होते. सर चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्यातल्या एका पाड्यावरचे, पावरा आदिवासी समाजाचे.

रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना केळीचे घड लटकवलेले होते, थर्माकोलचे. वरून पिवळा रंग फासलेला. मी दोनदा डोळे चोळून पाहिलं. मैदानाच्या बाहेरच्या रस्त्यावरून रोज केळीनं भरलेले ट्रक जातात. एखाद्या बागेतल्या माणसाला नुसती हाक मारली असती तर त्यानं घडच्या घड फुकट आणून टांगले असते. पण थर्माकोलची केळी काळी पडत नाहीत, पाहुण्यांना उशीर झाला तरी.

मग एकेक विभाग आला आणि गेला. ढोल, लेझीम, फेटे, भगवे कागदी तुकडे उडवणारी यंत्रं. मागच्या पडद्यावर समुद्र आला, किल्ले आले, ऊस आला. आमचा तुकडा सुरू झाला तो लावणीनं. मी सुनील सरांकडे पाहिलं. ते समोर पाहत होते, कारण लावणीच्या पाठोपाठ शाळेच्या मुली आल्या होत्या, 'सातपुड्याचे आदिवासी' म्हणून. अंगाला काळा रंग लावलेला, डोक्यात कोंबडीची पिसं, हातात लाकडी भाले, तोंडानं हू हू असा आवाज. टाळ्या पडल्या. माझ्यामागची एक बाई आपल्या नातीला म्हणाली, "ती बघ, तिसरी आपली श्रुती!"

सुनील सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, माझ्या आजीला होळीच्या नाचात चांदी घालायची हौस होती. गळाभर चांदी. आणि नाचताना ती आवाज करायची नाही, हसायची." नंतर ते उठले. "मुलांचा अभ्यास घ्यायचाय," म्हणाले. ती सबब होती. शाळांच्या परीक्षा केव्हाच संपल्या होत्या.

मीही तेव्हाच उठायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण अक्का पडद्यामागे होत्या.

त्या आल्या. हिरवी चमचमती नऊवारी, चापानं नाकाला अडकवलेली भलीमोठी नथ, डोक्यावर पदर नाही. पदर मागे पिनांनी बांधलेला. त्यांचा हात पुन्हा पुन्हा डोक्याकडे जात होता आणि रिकामा खाली येत होता. निवेदक टीव्हीवर दिसणारा, गोड गळ्याचा. त्यानं त्यांना हाताला धरून मधोमध आणलं. अक्कांनी ध्वनिक्षेपकासमोर उभं राहून डोळे मिटले आणि पहिली ओळ घेतली. मन्हा माहेरनी वाट. मैदान खरंच गप्प झालं. ती शांतता मी ऐकली आहे, म्हणून पुढचं जास्त झोंबतं. दुसरी ओळ सुरू व्हायच्या आत मागून ढोल सुरू झाले, निवेदक टाळ्या वाजवत पुढे आला. "वा! वा! आजी, काय गोडवा! एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!"

गाणं तिथेच संपलं. लेक अजून बागेत शिरलीही नव्हती.

"आजी, तुमच्या गावाचं नाव काय? आणि आपण आत्ता कुठल्या शहरात आहोत?"

"जयगावमा," अक्का म्हणाल्या.

"जयगाव!" तो लोकांकडे वळला. "ऐकलंत? अख्खा महाराष्ट्र 'ळ'साठी जीव टाकतो आणि आजींनी 'ळ'च खाऊन टाकला!"

मैदान हसलं. जळगावचं मैदान. त्या मैदानावर बसलेल्यांतल्या निम्म्यांच्या आया जयगावच म्हणत असतील. ती माणसं पोट धरून हसली.

"आता एक शेवटची फर्माईश," निवेदक लाडात आला. "आजी, तुमच्या भाषेतल्या शिव्या फार फेमस आहेत म्हणे! एक शिवी द्या ना! होऊन जाऊ दे!"

"होऊन जाऊ दे!" मागून पोरांचा गलका उठला. शिट्ट्या वाजल्या. पुढच्या सोफ्यावर प्रमुख पाहुणे, ते एव्हाना आले होते, हसून मान डोलवत होते.

अक्का गोंधळल्या नाहीत. त्यांनी त्या माणसाकडे नीट पाहिलं, दारात आलेल्या अनोळखी पोरासारखं. मग शांतपणे म्हणाल्या, "शिवी राग उना म्हनजे देतस, भाऊ. माले आजून राग येल नही."

शिवी राग आला की देतात, भाऊ. मला अजून राग आलेला नाही.

इतकं स्वच्छ उत्तर मी कुठल्याच व्यासपीठावर ऐकलेलं नाही. क्षणभर मला वाटलं, आता तरी ही माणसं वरमतील. पण त्या उत्तरावर आधीपेक्षाही मोठा हशा उसळला. त्यांना उत्तर ऐकूच गेलं नव्हतं. त्यांना फक्त बोली ऐकू गेली होती, आणि बोली म्हणजे विनोद हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. कागदी तुकडे उडाले. कोणीतरी अक्कांच्या हातात शाल आणि प्लास्टिकची ढाल दिली. निवेदकानं "जय महाराष्ट्र"ची गर्जना करून घेतली आणि पुढचा विभाग आला.

मी मंडपामागे धावले. अक्का खुर्चीवर बसून नथीचा चाप काढत होत्या. नाकाची कड लाल झाली होती.

"बठ्ठाच हासनात वं ज्योती," त्या म्हणाल्या. "मी हासासारखं काय बोलनू?"

सगळेच हसले गं. हसण्यासारखं मी काय बोलले? मी त्यांच्या पदराच्या पिना काढल्या आणि पदर डोक्यावर घेऊन दिला.

दुसऱ्याच दिवशी तो तुकडा मोबाईलवर फिरायला लागला. गाणं त्यात नव्हतंच. जयगाव होतं, शिवीची फर्माईश होती, आणि अक्कांच्या वाक्यानंतर गाढवाच्या ओरडण्याचा आवाज जोडलेला होता. खाली लिहिलेलं, 'खान्देशी आजी'. ते पसरवणारे परके नव्हते. आमचीच पोरं, आमचेच गट, 'कट्टर खान्देशी' असं स्वतःचं वर्णन करणारे. अहिराणीतून विनोद करायला माझी हरकत नाही. माझी आई असं काही बोलायची की हसून ठसका लागायचा. पण ती त्या भाषेत हसवायची. हे लोक त्या भाषेला हसतात आणि त्यालाच अभिमान म्हणतात.

पुण्याहून मुलाचा फोन आला. "आई, तू तर फेमस झालीस! ऑफिसात सगळ्यांना दाखवलं." अक्का "हो का" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बाजारात भाजीवाल्याकडे उभ्या असताना दोन मोटरसायकलवाले थांबले. "आजी, एक शिवी द्या ना!" रिक्षात शेजारी बसलेल्या मुलीनं विचारलं, तुम्ही त्याच का, आणि उत्तराआधी कॅमेरा चालू केला. देवळात, दवाखान्यात, गिरणीत तेच. सगळे प्रेमानं विचारत होते, हे विशेष. कुणाच्याही आवाजात वैर नव्हतं. ही माणसं अपमानही लाडानं करतात, त्यामुळे रागवायचीसुद्धा सोय राहत नाही.

मी विलासभाऊंच्या दुकानात गेले. गल्ल्याच्या मागे त्या कार्यक्रमाचा फोटो चौकटीत लावलेला होता. मी म्हटलं, "भाऊ, तो व्हिडिओ काढून टाकायला लावा. संयोजक तुमच्या ओळखीचे आहेत."

"अहो मॅडम, एवढं काय त्यात?" ते खरोखर चकित झाले. "बदनामी थोडीच झाली? किती लोकांनी बघितलं माहितीय? खान्देशाचं नाव झालं."

"कोणाचं नाव झालं? लोक त्यांना रस्त्यात शिव्या मागतात."

"प्रेम आहे हो लोकांचं!"

तेवढ्यात त्यांच्या आईचा फोन आला. विलासभाऊ पाठ वळवून, आवाज खाली आणून बोलले, "हा माय, येस मी, जेवाले येस. तू जेयी ले." केवढं मऊ बोलले! फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाकडे वळून पुन्हा दुकानातल्या मराठीत आले. या माणसाच्या आईला कोणी व्यासपीठावर उभं करून शिवी मागितली असती तर? पण हे मी विचारलं नाही. मी दुकानाच्या पायऱ्या उतरून चालायला लागले.

मला माझ्या राज्याचा अभिमान नाही असं कोणी समजू नये. महाराष्ट्र दिनाच्या सकाळी आमच्या मैदानावर झेंडा वर जातो, मुलं राज्यगीत म्हणतात, तेव्हा दरवर्षी माझ्या अंगावर काटा येतो. तो खोटा नाही. म्हणून तर संताप होतो. ज्या गोष्टीनं माझ्या अंगावर काटा येतो, तीच संध्याकाळी शिवलेली नऊवारी नेसून, नाकाला चाप लावून, एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडची शिवी विकत असते. या राज्याला स्वतःवर प्रेम करायचं आहे, पण स्वतःकडे बघायचं नाही. ते आरशासमोर उभं राहतं ते मुखवटा चढवून, आणि मुखवट्याखालचा चेहरा दिसला की त्याला हसू येतं.

आणि अक्का? कार्यक्रमानंतर काही दिवसांनी मी सकाळी गच्चीवर गेले. पलीकडे त्या कुरडयांचा चीक ढवळत होत्या. मी नेहमीसारखी हाक मारली, "काय करी ऱ्हायनात अक्का?"

त्यांनी वर पाहिलं. गल्लीकडे पाहिलं, खालून कोणी ऐकत नाही ना म्हणून. मग म्हणाल्या, "काही नाही, कुरडया करते आहे. तुझं झालं का आवरून?"

एकेक शब्द जपून, चाचपत ठेवलेला. परक्याच्या घरात पाय पुसून आत यावं तसा. मी दोनतीनदा अहिराणीतच बोलत राहिले. त्या प्रत्येक वेळी मराठीत उत्तर देत राहिल्या. शेवटी मीही मराठीत बोलायला लागले. काय करणार? एकटीनं कुठलीच भाषा बोलता येत नाही. त्या सकाळी माझी आई पुन्हा एकदा गेली असं मला वाटलं.

वर्ष झालं त्याला. पावसाळा गेला, भरताच्या वांग्यांचे दिवस गेले. अक्का माझ्याशी प्रेमानंच बोलतात, पण मराठीत. त्यांचं मराठी आता चांगलंच सुधारलं आहे. गाणं मी नंतर ऐकलेलं नाही. मागितलंही नाही. मागणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नव्हतं.

या उन्हाळ्यात फलक पुन्हा लागले. यंदाच्या कार्यक्रमात 'खान्देशी आजी' आहे. अक्का नव्हेत, त्यांना कोणी विचारायलाही आलं नाही. पांढरा टोप लावलेली एक तरुण नटी त्यांची नक्कल करणार आहे. फलकावर तिनं कमरेवर हात ठेवून तोंड वेंगाडलं आहे. आता खरी आजी लागतच नाही. तिच्यापेक्षा ही जास्त अस्सल दिसते.

परवा अक्कांची नात सुट्टीला आली, पुण्याची, पाचसहा वर्षांची. अक्का बिबडे थापत होत्या, मी त्यांच्याच गच्चीवर त्यांच्या हाताशी बसले होते. पोरगी वाटीतला घाटा चाटत आजीला टेकून उभी होती. बाबांच्या फोनवर तिनं मैत्रिणींना तो व्हिडिओ दाखवला होता म्हणे. ती मोठ्या कौतुकानं म्हणाली, "आजी, तू त्या व्हिडिओत कसं बोललीस, तसं बोल ना! मला शिकव ना!"

मी अक्कांकडे पाहिलं. या मागण्यात थट्टा नव्हती. या पोरीला खरंच शिकायचं होतं. सबंध वर्षात पहिल्यांदा कोणीतरी ती भाषा अक्कांकडून हसण्यासाठी नव्हे, घेण्यासाठी मागत होतं.

अक्कांचा हात ओल्या कापडावर थांबला. त्यांनी नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पदर डोक्यावरून थोडा पुढे ओढला.

"ते मला येत नाही गं," त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, आणि पुढचा बिबडा थापू लागल्या.